राजा वेडा होता, असं कोण म्हणतं?

जून १५२०च्या शेवटी मेक्सिकोत एक राजा परक्यांच्या कैदेत मेला. कैदेत ठेवणारे म्हणाले, आम्ही काही केलं नाही, त्याच्याच लोकांनी त्याला दगड मारले. त्यानंतर ३६३ वर्षांनी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात आणखी एक राजा परक्यांच्या कैदेत मेला. कैदेत ठेवणारे म्हणाले, आम्ही काही केलं नाही, तोच पहारेकऱ्याच्या अंगावर धावून आला.

पहिला अ‍ॅझ्टेकांचा सम्राट मोक्तेझुमा. दुसरे कोल्हापूरचे छत्रपती, चौथे शिवाजी महाराज. वय वर्षं २०.

मोक्तेझुमावर विवाल्डीने १७३३मध्ये ऑपेरा केला, नील यंगने १९७५मध्ये कोर्तेसवर गाणं केलं, आणि यूट्यूबवर त्याच्यावरच्या डॉक्युमेंटऱ्या पुरून उरतील इतक्या आहेत. चौथे शिवाजी महाराज मात्र मला, कोल्हापुरात वाढूनही, पहिल्यांदा भेटले ते टिळक-आगरकरांच्या धड्यात. तेही अर्ध्या वाक्यात. 'कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल लिहिल्यामुळे' एवढंच. पुढचं अख्खं वाक्य तुरुंगात गेलेल्या संपादकांचं.

हा इतिहासाचा लेख नाही, वाचनाचा आहे. कैदेतल्या राजाची गोष्ट कोण लिहितं, कधी लिहितं, आणि त्या लिहिण्यातून त्याला काय मिळवायचं असतं, एवढंच मला बघायचंय. मोक्तेझुमापासून सुरुवात करू, कारण तिथे कागद भरपूर आहेत आणि त्यांतली चलाखी नीट दिसते. ती एकदा दिसली की आपल्या घरातली ओळखायला सोपी जाते.

पत्र लिहिणाराच अडचणीत होता

मोक्तेझुमाबद्दल जगाला जे 'माहीत' आहे, त्यातलं बरंचसं एका पत्रातून आलंय. एर्नान कोर्तेसने ३० ऑक्टोबर १५२० ही तारीख घालून स्पेनच्या राजाला, पाचव्या चार्ल्सला, लिहिलेलं पत्र. त्यात ८ नोव्हेंबर १५१९ची भेट आहे. तळ्याच्या मधोमध वसलेलं तेनोच्तित्लान शहर, तिकडे जाणारा बांधावरचा रस्ता, सामोरा आलेला सम्राट, एकमेकांना घातलेले हार. आणि मग मोक्तेझुमाच्या तोंडी एक लांबलचक भाषण. त्याचा आशय असा, की आमचे पूर्वज बाहेरून आले, त्यांना घेऊन येणारा धनी परत गेला, त्याचे वंशज एक दिवस येतील हे आम्हाला ठाऊक होतं, तुम्हाला पाठवणारा राजा तोच, तेव्हा हे सगळं तुमचंच.

हे वाचताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक म्हणजे मोक्तेझुमा नावात्ल भाषेत बोलत होता आणि कोर्तेसला ती येत नव्हती. मध्ये दोन दुभाषे होते. मालिंत्सिन नावाची तरुणी नावात्लचं माया भाषेत करायची आणि अगिलार नावाचा स्पॅनिश माणूस मायाचं स्पॅनिशमध्ये. अशा प्रवासातून एवढं मुद्देसूद, राजनिष्ठ भाषण सहीसलामत बाहेर पडलं, हाच मुळात चमत्कार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पत्र लिहिताना कोर्तेस विजयी नव्हता. क्यूबाच्या गव्हर्नरचा हुकूम मोडून तो आला होता. चारच महिन्यांपूर्वी त्याच शहरातून, शेकडो माणसं गमावून, रात्रीचा पळाला होता. शहर पडलं ते पुढच्या वर्षी, १३ ऑगस्ट १५२१ला. म्हणजे हे पत्र लिहिणारा माणूस एका बाजूने पराभूत आणि दुसऱ्या बाजूने आरोपी. त्याला आपल्या राजाला एवढंच पटवायचं होतं की राज्य आधीच आपलं झालेलं आहे. सम्राटाने ते आपखुशीने दिलं असेल, तर नंतर लढणारे लोक बंडखोर ठरतात. आणि बंड मोडणाऱ्यावर खटला कोण भरणार?

म्हणून मी त्या भाषणाला भाषण म्हणत नाही. ते बक्षीसपत्र आहे. फक्त देणाऱ्याची सही घेणाऱ्याने केलेली आहे.

या बक्षीसपत्रासाठी एक विशिष्ट स्वभावाचा राजा लागतो. हळवा, शकुन-अपशकुन मानणारा, मनाने आधीच हरलेला. मोक्तेझुमाचा तो स्वभाव पुढच्या पुस्तकांनी रंगवत नेला. स्पॅनिश लोकांना त्याने परत आलेले देव मानलं, ही लोकप्रिय कथा तर कोर्तेसच्या पत्रांत तशी नाहीच. ती नंतर चिकटली. एकदा राजा भित्रा ठरला की आक्रमणाची गोष्ट सांगायची गरजच उरत नाही. सगळे त्याच्या स्वभावाची गोष्ट सांगत बसतात.

शेजारच्या गावाची साक्ष

कोर्तेसच्या फौजेतला एक शिपाई, बर्नाल दियास, म्हातारपणी ग्वाटेमालात बसून आठवणी लिहीत होता. त्या छापल्या गेल्या १६३२मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्याचा मोक्तेझुमा जास्त माणसासारखा आहे. तो थट्टामस्करी करतो, पहारेकऱ्यांना भेटी देतो. लोकांना शांत करायला त्याला गच्चीवर उभं केलं जातं, खालून आलेले दगड लागतात, तो औषधपाणी नाकारतो आणि मरतो. दियास सांगतो की कोर्तेस आणि त्याचे सरदार बाप गेल्यासारखे रडले. मला हा प्रसंग सगळ्यात अवघड वाटतो. ते रडणं खोटं असेलच असं नाही. पण ज्या दारावर आपणच पहारा दिला त्या दाराआडच्या माणसासाठी रडताना पहाऱ्याचा उल्लेख गळून पडतो.

मग जिंकलेल्यांची बाजू सोडून हरलेल्यांची बाजू वाचू. बर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याने नाव्हा लेखकांना आणि जाणत्यांना हाताशी धरून १२ भागांचा एक प्रचंड ग्रंथ करवून घेतला. एका रकान्यात नावात्ल, दुसऱ्यात स्पॅनिश, मध्ये चित्रं. तो १५७७च्या सुमारास पूर्ण झाला. बारावा भाग स्वारीचा. त्यात राजाच्या मृत्यूची हकीकत थक्क करते, कारण तिथे कुणी मारलं हे सांगितलेलंच नाही. स्पॅनिश लोकांनी मोक्तेझुमा आणि त्लातेलोल्कोचा राजा इत्झक्वाउत्झिन यांची प्रेतं पाण्याच्या कडेला आणून टाकली, एवढंच. पुढे मोक्तेझुमाचं प्रेत जळताना त्याला दुर्गंधी आली आणि लोक त्याला दूषणं देत होते, असं आहे. इत्झक्वाउत्झिनसाठी मात्र लोक रडले.

हरलेल्यांचे लोकसुद्धा त्याला असं का लिहितात? कारण बाराव्या भागाचे साक्षीदार मुख्यतः त्लातेलोल्कोचे होते. म्हणजे राजधानीला चिकटून असलेल्या, पण तिच्याशी जुनी खुन्नस असलेल्या गावाचे. 'आमचा राजा चांगला होता, तुमच्यामुळे बुडालो' हा सूर आपल्याला नवा नाही. म्हणजे 'आपल्या लोकांनी लिहिलं' एवढ्याने साक्ष खरी होत नाही. आपले म्हणजे नेमके कोण, हे विचारावंच लागतं.

फ्लॉरेन्समधले दोन कागद

साहागुनचा हा ग्रंथ आज इटलीत, फ्लॉरेन्सच्या लॉरेन्झियाना ग्रंथालयात आहे. म्हणून त्याला फ्लोरेंटाइन कोडेक्स म्हणतात. आणि त्याच शहरात, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कोल्हापूरच्या एका राजाचं स्मारक आहे. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथे वारले, २० वर्षांचे असताना. तिथेच दहन झालं. १८७४मध्ये छत्री उभी राहिली. तिचा आराखडा करणाऱ्या चार्ल्स मँटनेच पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेसही आखला.

या राजाची त्या प्रवासातली इंग्रजी डायरी १८७२मध्ये लंडनला पुस्तकरूपात आली. संपादक कॅप्टन वेस्ट, कोल्हापुरात नेमलेला इंग्रज अधिकारी. डायरी वाचनीय आहे, मुलगा चौकस आहे. पण पुस्तकाचं काम वेगळंच आहे. बघा, आमच्या देखरेखीखाली वाढलेला राजा कसा घडतो, हे दाखवण्याचं. राजाच्या हातची वाक्यं आपल्यापर्यंत येतात ती पालकाने शाबासकी दिल्यावर.

राजारामांना मूल नव्हतं. १८७१मध्ये भोसले घराण्यातला आठ वर्षांचा नारायणराव दत्तक घेतला गेला आणि त्याचं नाव शिवाजी झालं. आधीच्या राजाचं शहाणपण पुस्तकात छापून निघालं होतं. या मुलाच्या वाट्याला दुसऱ्या प्रकारचा कागद आला.

'वेड' हा सोयीचा शब्द

इंग्रजांनी आपल्याकडच्या राजघराण्यांतली माणसं कशी हटवली, याची यादी एका ओळीत मांडून बघा. सातारचे प्रतापसिंह, १८३९, कटाचा आरोप, काशीला रवानगी. कोल्हापूरचे चिमासाहेब, १८५७च्या उठावानंतर कराचीला रवानगी, तिथेच मृत्यू. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड, १८७५, रेसिडेंटवर विषप्रयोगाचा आरोप.

बडोद्याचं प्रकरण सरकारला महाग पडलं. सहा जणांचं कमिशन नेमलं. तीन इंग्रज सदस्य म्हणाले दोषी, तीन भारतीय सदस्य म्हणाले सिद्ध झालं नाही. शेवटी विषाचा आरोप बाजूला ठेवून गैरकारभाराचं कारण दाखवून राजाला काढावं लागलं. आरोप केला की पुरावा लागतो, साक्षीदार लागतात, उलटतपासणी होते, पेपरवाले लिहितात.

वेड ठरवलं की यातलं काही लागत नाही. त्यासाठी डॉक्टर पुरतो. शिवाय या आरोपाची एक खासियत आहे. आरोपीने नाकारलं, चिडला, हात उगारला, की तोच पुरावा. 'मला सोडा' म्हणणारा कटवाला निदान निरपराध असू शकतो. 'मला सोडा' म्हणणारा वेडा आणखी वेडा दिसतो. आणि वेड्याला कैद केलं असं कुणी म्हणत नाही, त्याची काळजी घेतली असं म्हणतात.

मोक्तेझुमाच्या गोष्टीत 'आपखुशी' हा शब्द जे काम करतो, ते कोल्हापूरच्या गोष्टीत 'वेड' हा शब्द करतो. दोन्हींमुळे राज्य हातात येतं आणि घेतल्याचा डाग लागत नाही.

१८८२मध्ये कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला, कागलचे जयसिंगराव घाटगे रीजंट झाले. महाराजांभोवती गोऱ्या शिपायांचा पहारा आला, आणि शेवटी मुक्काम पडला अहमदनगरच्या किल्ल्यात. तिकडे कोल्हापुरात न्यू पॅलेसचं बांधकाम चालूच होतं. ते १८७७ ते १८८४ असं चाललं. राजवाडा पुरा होईपर्यंत राजा उरला नव्हता.

डोंगरीतली गोष्ट आणि एक नाटक

आता मराठीकडे येऊ. 'केसरी' आणि 'मराठा' ही वर्षभराची पत्रं. टिळक आणि आगरकर दोघंही पंचविशीतले. महाराजांचा छळ होतोय आणि त्यात दिवाण माधवराव बर्व्यांचा हात आहे, असं त्यांनी लिहिलं. पुरावा म्हणून काही पत्रांचा आधार घेतला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली, संपादकांनी माफीही मागितली, तरी जुलै १८८२मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात १०१ दिवसांनी, ऑक्टोबरमध्ये, ते सुटले. जामिनाच्या वेळी जोतीराव फुल्यांनी मदत मिळवून दिली, ही त्यातली विसरू नये अशी गोष्ट.

आगरकरांनी यावर लगेच पुस्तक लिहिलं, 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस'. मराठीतल्या तुरुंगलेखनाची सुरुवात शोधायची तर इथेच थांबावं लागतं, आणि आजही ते वाचायला मजा येते. स्वतःकडे मिश्कीलपणे बघणारा लेखक, तुरुंगातलं खाणं, कोठडीतल्या रात्रभर चाललेल्या चर्चा. आव आणलेला नाही, हुतात्मेपण मिरवलेलं नाही.

पण नावातला एक शब्द परत वाचा. 'आमचे'. ज्याच्यासाठी लिहिलं तो त्या वेळी पहाऱ्यात होता, आणि त्याचे दिवस कुणी मोजत नव्हतं. आगरकरांचा हा दोष नाही, त्यांना स्वतःचेच दिवस माहीत होते. दोष नंतरच्या आपल्या वाचनाचा आहे. 'कोल्हापूर प्रकरण' हे नाव आपण टिळक-आगरकरांच्या चरित्रातल्या एका प्रकरणाला दिलं. मूळ माणूस त्या प्रकरणाचं निमित्त झाला. बनावट पत्रांनीही त्याचं नुकसानच केलं. पत्रं खोटी ठरल्यावर छळाची तक्रारही खोटी असणार, असं म्हणायला सरकार मोकळं झालं. फॉरवर्ड आलेली खोटी पोस्ट खऱ्या अन्यायाचं काय करते, हे आपल्याला आज वेगळं सांगायला नको.

याच तुरुंगात आगरकरांनी आणखी एक काम केलं, शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं भाषांतर. ते 'विकारविलसित' या नावाने १८८३मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे महाराज गेले त्याच वर्षी.

नाटकाची गोष्ट आठवा. तरुण राजपुत्र. बाप मेलेला, गादी दुसऱ्याकडे. मुलगा विचित्र वागतो. दरबार ठरवतो, वेड लागलंय. मित्रांना त्याच्यावर पाळत ठेवायला सांगितलं जातं. त्याला समुद्रापार पाठवून द्यायचा बेत होतो, तोही त्याच्या भल्यासाठी. तो खरंच भ्रमिष्ट आहे की सोंग करतोय, की सोंग करता करता भ्रमिष्ट झालाय, याचं उत्तर नाटक देत नाही.

आगरकरांनी महाराजांना डोळ्यासमोर ठेवून हे भाषांतर केलं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला आधार नाही. पण एका 'वेड्या' राजामुळे तुरुंगात गेलेला माणूस तिथे बसून दुसऱ्या 'वेड्या' राजपुत्राची वाक्यं मराठीत आणतोय, हा योगायोग वाचकाने सोडून द्यावा इतका साधा नाही. शिवाय ते नाव. 'विकार' म्हणजे तेव्हाच्या मराठीत मनातली भावना, आणि विकार म्हणजे रोगही. एकाच शब्दात राग, दुःख आणि आजार. सरकारी कागदाने यातला फक्त शेवटचा अर्थ उचलला. मोक्तेझुमाला भित्रा ठरवणाऱ्यांनीही हेच केलं. कैद्याची भीती त्यांनी त्याच्या स्वभावाच्या खात्यात टाकली.

पानथरी

मृत्यूची हकीकत अशी. ग्रीन नावाचा गोरा शिपाई पहाऱ्यावर होता. त्याची आणि महाराजांची झटापट झाली. महाराजांची पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटली आणि ते गेले. सरकारी बाजूने हा झटापटीतला अपघात. कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, की ग्रीनने पोटात लाथ मारली.

'पानथरी फुटली' हे शब्द त्या काळच्या कागदांत वारंवार भेटतात. गोऱ्या मालकाने नोकराला मारलं, नोकर मेला, तपासात निघालं की मलेरियाने पानथरी आधीच सुजलेली होती. १८७६मध्ये आग्र्यात फुलर नावाच्या वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारलं, तो असाच मेला, आणि फुलरला दंड झाला ३० रुपये. ही शिक्षा इतकी हलकी होती की खुद्द व्हाइसरॉय लिटनने तिच्यावर टीका केली. या वाक्याची रचना बघा. मारणारा कर्ता नाही, पानथरी कर्ता आहे. ती फुटली. तिकडे मेक्सिकोत दगड लागले, इकडे पानथरी फुटली. क्रियापदं अशी निवडायची की हात दिसू नये.

आणि तरी फरक पडतो तो मेलेल्याच्या पायरीने. आग्र्याचा मोतद्दार आणि कोल्हापूरचा छत्रपती यांच्या मृत्यूला एकच वाक्य पुरलं, यातच राज्य कुणाचं होतं ते कळतं.

शहाणा ठरवायची घाई

आज कोल्हापुरात महाराजांची आठवण निघते तेव्हा बहुतेकदा एक गोष्ट ठासून सांगितली जाते. ते वेडे नव्हते. पूर्ण शहाणे, तल्लख, स्वाभिमानी होते आणि म्हणूनच इंग्रजांना सलत होते. मेक्सिकोचे अभ्यासकही आता मोक्तेझुमाला भित्रेपणाच्या डागातून सोडवतायत. मॅथ्यू रेस्टॉल या इतिहासकाराचं २०१८चं पुस्तक शरणागतीच्या त्या गोष्टीवरच उलटतपासणी घेतं. ही दुरुस्ती हवीच होती.

पण आपल्याकडच्या दुरुस्तीत एक अट लपलेली आहे आणि ती मला खटकते. महाराज शहाणे होते, म्हणून त्यांच्यावर अन्याय झाला, असं आपण म्हणतो. मग खरोखर आजारी असते तर? आठव्या वर्षी घर आणि नाव बदललेला, परक्या शिस्तीत वाढलेला, माणसांपासून तोडलेला मुलगा मनाने मोडला असता, तर ते इतकं अशक्य आहे का? आणि मोडला असेल, तर त्याला किल्ल्यात शिपायांच्या ताब्यात ठेवणं रास्त झालं असतं का? आपल्या बचावाचा अर्थ नकळत असा होतो, की वेड्याला मारलं तर चालतं, फक्त आमचा राजा वेडा नव्हता.

इंग्रजांनी वेड हा शब्द गुन्ह्यासारखा वापरला. आपण तो आरोप नाकारतो, पण शब्दाचा अर्थ त्यांचाच ठेवतो. मोक्तेझुमा शूर होता हे सिद्ध झाल्याशिवाय त्याची कैद चूक ठरत नाही, असं थोडंच आहे? भित्र्या माणसालाही स्वतःच्या घरात कैद न होण्याचा हक्क असतो. आणि आजारी माणसाला तर वैद्य आणि आपली माणसं जास्तच हवी असतात.

म्हणून ही गोष्ट उद्या कुणी कादंबरीत, नाटकात किंवा सिरीजमध्ये आणणार असेल, तर माझी वाचक म्हणून एकच मागणी आहे. महाराजांना शहाणपणाचं सर्टिफिकेट देऊ नका. 'हॅम्लेट'मध्ये जसं ते उघडं ठेवलंय, तसं उघडं ठेवा. सुरुवात ग्रीनच्या लाथेपासूनही नको, कारण मग पुन्हा तो मारणाऱ्याचाच सीन होतो. सुरुवात १८७१पासून करा. राजवाड्यात आणलेला आठ वर्षांचा नारायणराव, आणि आजूबाजूची मोठी माणसं त्याला शिवाजी म्हणून हाक मारतायत. पहिल्या दोन-तीन हाकांना त्याने मान वर केली असेल का?

महाराजांच्या मृत्यूनंतर तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी कागलचा नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक घेतला. त्याचं नाव शाहू ठेवलं. पुढची गोष्ट आपल्याला पाठ आहे, बोर्डिंगं, आरक्षण, रंकाळ्यापासून राधानगरीपर्यंत. शाहू महाराजांची गोष्ट सांगताना आपण कागलपासून निघतो आणि सरळ १८९४च्या राज्यारोहणावर येतो. मध्ये अहमदनगरला थांबत नाही. तो थांबा घ्यायला हवा. ज्या गादीवर त्या नऊ वर्षांच्या मुलाला बसवलं, तिच्यावर त्याच्या आधी बसलेला मुलगाही दत्तकच होता, त्याचंही नाव बदललेलं होतं, आणि त्याचं काय झालं हे राजवाड्यात सगळ्यांना माहीत होतं.